जीएसटीची पत्रं: तुमचं बिल घेणारा कोण?

एप्रिल-मेमध्ये मला पत्रं कमी येतात. कोकणात या दोन महिन्यांत कुणाला कर आठवत नाही. आंबा, काजू, लग्नं आणि मुंबईकर यांतून मान वर निघत नाही. मृग जवळ आला की माणसं पडवीत वही घेऊन बसतात आणि मग एकदम गठ्ठा येतो. यंदाच्या गठ्ठ्यातली निम्मी पत्रं एकच विचारतात: "मी जीएसटी काढायला हवा का?" हा 'काढणं' आपल्याकडचा खास शब्द. सातबारा काढतात, दाखला काढतात, तसा जीएसटी काढायचा आणि कागद फायलीला लावला की सुटलो, असा समज. काम खरं तर त्या दिवशी सुरू होतं. म्हणून या वेळी पत्रं मोजकीच घेतली आहेत.

मी ग्राफिक डिझायनर आहे. लॉकडाउनमध्ये पुण्याहून कुडाळला आले ती इथलीच झाले. वर्षाला साधारण ११ लाखांचं काम होतं. ६ लाख पुण्याच्या एका कंपनीकडून, २ लाख जर्मनीतल्या एका स्टुडिओकडून आणि उरलेले ३ लाख कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या दुकानदारांकडून. पुण्याचा अकाउंटंट म्हणतो, जीएसटी नंबर द्या, नाहीतर पुढचं बिल पास होणार नाही. जर्मनीवाले व्हॅट नंबर मागतात. नंबर घेऊ का? (एक वाचक, कुडाळ)

घेऊ नका, असं माझं मत आहे. आता कारण सांगते.

सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. उलाढाल म्हणजे तुम्ही केलेल्या बिलांची बेरीज. खर्च वजा जाऊन हातात उरतं ते उत्पन्न, ते आयकराचं प्रकरण. इथे दोन्हींची गल्लत करू नका. जर्मनीचे २ लाखही या बेरजेत धरायचे. तरी तुम्ही ११ वर आहात. सेवा राज्याबाहेर किंवा देशाबाहेर दिली म्हणून लगेच नोंदणी लागते, अशी भीती अजून पुष्कळांना असते. सेवांना २० लाखांपर्यंत त्यातूनही सूट आहे. मालाचं गणित वेगळं आहे, ते पुढच्या पत्रात येईल.

मग पुण्याचा अकाउंटंट हटून का बसलाय? जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणी नसलेल्याकडून काही घेतलं, तर त्यावरचा कर घेणाऱ्याने स्वतः भरायचा, असा नियम होता. तो १३ ऑक्टोबर २०१७ पासून स्थगित झाला आणि पुढे काही ठरावीक धंद्यांपुरताच उरला. नियम गेला, धास्ती राहिली. त्या गृहस्थांना सरळ पत्र लिहा: "माझी उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने मी नोंदणीपात्र नाही, बिलात कर आकारलेला नाही." त्यांच्या कंपनीचा यात एक रुपयाही बुडत नाही. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

समजा, तरीही तुम्ही हौसेने नंबर घेतलात. मग पहिल्या रुपयापासून भारतातल्या सगळ्यांच्या बिलाला १८ टक्के लावावे लागतात. पुण्याच्या ४०,००० च्या बिलावर ७,२०० कर. तो कंपनी तुम्हाला देईल आणि स्वतःच्या करातून वळता करून घेईल. तिला काहीच फरक नाही. जर्मनीच्या बिलावर कर शून्य, फक्त दर आर्थिक वर्षाला पोर्टलवर हमीपत्र भरायचं, ज्याला एलयूटी म्हणतात, आणि पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपायचा. अडचण होते ती मालवणच्या खाजेवाल्याची. तो तुमच्याकडून पाकिटाचं डिझाइन घेतो. त्याची नोंदणी एकतर नाही किंवा कंपोझिशनमध्ये, छोट्या धंद्यांच्या सरसकट कराच्या योजनेत, आहे, म्हणजे दिलेला कर वळता करायला त्याला जागाच नाही. त्याच्या लेखी तुम्ही १८ टक्क्यांनी महागलात. तो म्हणणार, "आधी ठरलाहा तितकेच देतलंय." मग ३ लाखांतले सुमारे ४५,८०० रुपये कर म्हणून तुमच्या खिशातून जाणार. याच्या बदल्यात ५०,००० च्या लॅपटॉपवर दिलेले ९,००० आणि इंटरनेट, सॉफ्टवेअर यांवरचे काही हजार वळते मिळतील. हा सौदा जमत नाही.

उद्या तुमचं नव्वद टक्के काम कंपन्यांचंच झालं, तर हेच उत्तर मी उलटं लिहीन. तुमचं बिल ज्याच्या हातात पडतं त्याला त्यातल्या कराची वजावट मिळते की नाही, एवढं आधी बघायचं.

जर्मनीच्या स्टुडिओला कळवा की भारतात तुमची नोंदणी नाही आणि युरोपातला व्हॅट नंबर तुम्हाला लागू होत नाही. व्यावसायिकाने बाहेरच्या देशातून अशी सेवा घेतली की तिथला १९ टक्के व्हॅट तो स्वतःच दाखवतो आणि स्वतःच वळता करतो. बिलावर 'कराची जबाबदारी सेवा घेणाऱ्याची' अशी एक ओळ टाका.

आणि एक सूचना आजच. २० लाख ओलांडले की ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि अर्जाला जागेचा पुरावा लागतो. तुमच्या घराचं लाइटबिल कुणाच्या नावावर आहे ते बघून ठेवा. आपल्याकडे ते हमखास आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि असेसमेंट उताऱ्यावर चौदा नावं असतात, त्यांतली पाच बोरिवलीला. अर्ज अडतो तो इथे. पोर्टलवर नोंदणीला फी नाही, पण या एका कागदासाठी माझ्या अशिलांनी एसटीच्या तिकिटांवर घातलेले पैसे मोजले तर हसाल.

आमची हापूसची बाग आहे. स्वतःच्या बागेतला आंबा साधारण १८ लाखांचा जातो. शिवाय घरी पल्प, आंबापोळी आणि लोणचं करते, ते ८ लाखांचं. सगळं देवगड, कणकवली आणि मुंबईत. यंदा म्हापशाच्या एका दुकानदाराने पल्पचे २०० डबे मागितले आहेत. एकूण ४० लाखांच्या खाली आहे, तर पाठवायला हरकत नाही ना? (एक वाचक, देवगड तालुका)

हरकत आहे, ताई. डबे भरण्याआधी विचारलंत हे बरं केलंत.

ताज्या आंब्यावर कर नाही, आणि स्वतःच्या जमिनीतलं पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या पिकापुरती नोंदणीही नको. पेट्या वाशीला पाठवा, बेळगावला पाठवा, म्हापशाला पाठवा, कुणी विचारणार नाही. पण आंब्याचा रस काढून डब्यात बंद केला की ते शेतीचं पीक राहिलं नाही, तो करपात्र माल झाला. पल्प, लोणचं यांवर पूर्वी १२ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ आहेत. आता तुमची बेरीज: १८ लाख करमाफ आणि ८ लाख करपात्र. मर्यादा मोजताना दोन्ही धरायचे, म्हणजे २६. फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत सूट असते, म्हणून महाराष्ट्राच्या आत तुम्ही निर्धास्त आहात.

बांद्याची हद्द ओलांडली की ही सूट संपते. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायला निघालात, की उलाढाल दहा हजारांची असो की दहा लाखांची, नोंदणी लागतेच. देवगडहून म्हापसा जवळ आणि मुंबई किती लांब, पण कायद्याला अंतर दिसत नाही, हद्द दिसते. गोव्याचा पर्यटक तुमच्या दारात गाडी लावून चार डबे रोखीने घेऊन गेला, तर ती विक्री इथलीच. कुरिअरने त्याच्या पणजीच्या पत्त्यावर पाठवलेत, तर ती गोव्यातली.

आता नोंदणी करायचीच, तर कुणीतरी तुम्हाला कंपोझिशन सुचवेल: दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला सरसकट १ टक्का, तिमाहीला एक छोटं विवरणपत्र, डोक्याला ताप नाही. ऐकायला गोड आहे. पण कंपोझिशनवाल्याला माल परराज्यात विकता येत नाही. म्हणजे ज्या म्हापशासाठी नंबर घ्यायचा, तोच रस्ता बंद. तुम्हाला नेहमीचीच नोंदणी हवी.

त्याला घाबरू नका, कारण इथे समोर दुकानदार आहे. एक डबा २०० रुपयांचा धरा. बिल कराल २०० अधिक १० कर. राज्याबाहेर असल्यामुळे हा कर आयजीएसटी नावाने दाखवायचा. म्हापशाचा दुकानदार तोच डबा २६० ला विकतो आणि गिऱ्हाईकाकडून १३ कर घेतो. १३ पैकी तुम्हाला दिलेले १० वजा करून तो ३ भरतो. तुमचे १० आणि त्याचे ३ मिळून १३, म्हणजे शेवटच्या २६० वर बरोबर ५ टक्के. मूल्यवर्धित कर म्हणतात तो एवढाच. प्रत्येकाने आपण वाढवलेल्या किमतीपुरता भरायचा आणि भार शेवटी खाणाऱ्यावर. १९५४ मध्ये फ्रान्सच्या करखात्यातल्या मोरिस लोरे नावाच्या अधिकाऱ्याने हे गणित अमलात आणवलं. आपल्या राज्यात ते १ एप्रिल २००५ ला व्हॅट म्हणून आलं. मी त्याच सुमारास या कामाला लागले. तेव्हा गोव्याला माल गेला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, तो पुढच्याला वळता मिळायचा नाही, आणि कमी दरासाठी म्हापशाच्या दुकानदाराकडून 'सी फॉर्म' आणावा लागायचा. एका फॉर्मसाठी मी तीन खेपा घातल्यात. दुकानदार चहा पाजायचा, फॉर्म द्यायचा नाही. तेव्हा जीएसटीला नावं ठेवणाऱ्यांच्या पंगतीत मी बसते, पण ताटावरून लवकर उठते.

तुमच्याही खर्चावरचा कर जपा. पत्र्याच्या डब्यांवर १८ टक्के आहेत, साखरेवर ५. डबेवाल्याकडून तुमचा नंबर घातलेलं बिल घ्या आणि त्याने ते पोर्टलवर चढवलं का ते दर महिन्याला बघा. त्याने चढवलं नाही, तर तुम्ही पैसे देऊनही वजावट मिळत नाही. एक मात्र समजून घ्या. नोंदणीनंतर देवगडच्या घरगुती गिऱ्हाईकालाही पल्प-लोणच्यावर ५ टक्के लावावे लागतील. ८ लाखांवर ते ४०,००० होतात. म्हापशाचे २०० डबे, म्हणजे ४०,००० चा माल, एवढ्यासाठी हे करायचं का, ते ठरवा. दरवर्षीची मागणी असेल तर करा. एकाच वेळची असेल, तर त्या दुकानदाराला म्हणावं, तुझी गाडी घेऊन ये, जेवून जा आणि आंब्याच्या पेट्या ने.

तारकर्लीला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. खोलीला २,५०० रुपये. बुकिंगची वेबसाइट गिऱ्हाईकाकडून ५ टक्के कर घेते. तो माझ्या नावावर जमा होतो का? शेजारी सांगतात कंपोझिशन घे. (एक वाचक, मालवण तालुका)

तुमच्या नावावर होत नाही. ज्याची नोंदणी लागत नाही, अशा मालकाच्या खोलीवरचा कर वेबसाइटने स्वतःच्या नावाने भरायचा असतो. तुमचा संबंध नाही.

मी तुम्हाला दुसरंच विचारते: तुमची उलाढाल किती धरलीत? बहुतेक जण बँकेत आलेली रक्कम धरतात. चूक. वेबसाइट आपलं कमिशन कापून उरलेलं पाठवते, तुमची उलाढाल मात्र कापण्याआधीची. चार खोल्या, २,५०० रुपये, वर्षात १५० रात्री भरल्या तर १५ लाख. त्यात जेवणाचे पैसे मिळवा. सुरमईची थाळी, सोलकढी, सकाळचे घावणे-चटणी, हे सगळं वहिनी बघतात म्हणून ते 'घरातलं' ठरत नाही. ६ लाख जेवणाचे आले की २१ झाले आणि नोंदणी लागली.

कंपोझिशनबद्दल शेजाऱ्याला नमस्कार सांगा. सेवांच्या कंपोझिशनला ६ टक्के आहेत, आणि ते गिऱ्हाईकाकडून वेगळे घेता येत नाहीत, स्वतःच्या गल्ल्यातून द्यायचे. साध्या नोंदणीत ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहेत आणि ते बिलात वेगळे घेता येतात. खर्चावरची वजावट दोन्हीकडे नाही. ज्यात ६ स्वतः भरायचे ते कशाला पत्करायचं? फक्त विवरणपत्रं कमी म्हणून? नोंदणी झाल्यावर वेबसाइटवरच्या खोल्यांचा करही तुम्हीच भरायचा आणि वेबसाइट अर्धा टक्का कापून तुमच्या खात्यात दाखवेल. तो परत मागायला विसरू नका, बहुतेक विसरतात.

व्हॅट जाऊन जीएसटी आला म्हणता, मग डिझेलवर व्हॅट कसा? (ट्रॉलरमालक, हर्णै)

पेट्रोल, डिझेल आणि दारू यांवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट अजून आहे. त्यामुळे डिझेलवरचा कर कुठल्याच धंद्याला जीएसटीतून वळता मिळत नाही. तुम्हाला सोसायटीमार्फत जो डिझेल परतावा मिळतो तो या व्हॅटचाच. तो उशिरा येतो याबद्दल तुमच्या पत्रात जे शब्द आहेत ते छापता येणार नाहीत.

दोन वर्षांपूर्वी 'असलेला बरा' म्हणून नंबर घेतला. फोटोग्राफीचा धंदा चालला नाही, एकही बिल केलं नाही. म्हणून काही भरलंही नाही. आता नोटीस आलीय. (एक वाचक, गुहागर)

बिल नसलं तरी विवरणपत्र भरावं लागतं, शून्याचं. ते चुकलं की दिवसाला २० रुपये, शून्याच्या एका विवरणपत्राला जास्तीत जास्त ५००. एकेकटं बघितलं तर किरकोळ. पण विक्रीचं वेगळं आणि कराचं वेगळं, अशी दोन वर्षांची मोजा. बेरीज करून वडिलांना दाखवू नका.

आधी सगळी शून्याची विवरणपत्रं भरून टाका. तीन वर्षं उलटली की पोर्टल ती घेतच नाही. मग नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. खात्याने आधीच रद्द केली असेल तर प्रश्नच मिटला, असं समजू नका. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत एक शेवटचं विवरणपत्र असतं, जीएसटीआर-१०. ते राहिलं की दंड पुन्हा चालू. दर महिन्याला माझ्याकडे असा एक तरी येतो, मरणाचा दाखला काढला पण बाराव्याचं राहिलं अशातला.

बिलं किती वर्षं ठेवायची? घरात जागा नाही. (एक वाचक, खेड)

वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. २०२४-२५ चं वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ ला होतं, म्हणजे त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. वाद चालू असेल तर त्याहून जास्त.

जागेचं म्हणाल, तर माझं ऐका. माझं ऑफिस चिपळुणात, बाजारपेठेत, तळमजल्याला होतं. २२ जुलै २०२१ ला तिमाही विवरणपत्रांची मुदत होती. आदल्या रात्री अकरापर्यंत मी बसले होते, सात जणांची राहिली होती, म्हटलं सकाळी करू. पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. तीन दिवसांनी शटर उचललं तेव्हा कपाटातल्या फायली फुगून दरवाजाला चिकटल्या होत्या, कपाट पहारीने उघडावं लागलं. चिखल धुऊन आम्ही एकेक बिल सोडवलं आणि घराच्या माळ्यावर दोऱ्या बांधून, चिमटे लावून वाळत घातलं. आठ दिवस पंखा बंद केला नाही. सासूबाई म्हणाल्या, बांगडे सुकवल्यासारखा वास येतोय.

शाईने लिहिलेली बिलं पुसट झाली तरी वाचता आली. डॉट मॅट्रिक्सची उत्तम राहिली. गुळगुळीत कागदाच्या त्या छोट्या पावत्या, हल्ली सगळीकडे मशिनमधून निघतात त्या, एकही वाचली नाही. कोरी पांढरी पट्टी. आणि त्यांना पूरही लागत नाही, खिडकीजवळच्या उन्हाने वर्षा-दोन वर्षांत तेच होतं. त्या पावत्यांचा आल्या दिवशी फोनवर फोटो काढा, फोटो मेलवर स्वतःलाच पाठवा, आणि बाकीचा गठ्ठा प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर टाका. खेडात जगबुडी आहे, खाली ठेवू नका.